स्कोव्रोनेक: शंभर वर्षांनंतरही वंशावळीत दिसणारा पांढरा अरबी घोडा

एका वाचकांनी विचारले आहे की, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने अरबी घोडी विकत घेतली असून घोडीच्या दहा पिढ्यांच्या वंशावळीत ‘स्कोव्रोनेक’ हे नाव तीसहून अधिक वेळा आलेले आहे. विकणाऱ्याने त्या नावाच्या आधारावरच किंमत चढवून सांगितली. हा घोडा खरोखर एवढा मोठा होता का, आणि घोडीला शिंगरू धरायचे ठरले तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नावाला आज किती वजन द्यायचे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पशुवैद्य म्हणून माझी बहुतेक कारकीर्द घोड्यांच्या पैदाशीत गेली. आधी पुणे जिल्ह्यातील रेसच्या घोड्यांच्या स्टडवर, म्हणजे पैदास केंद्रावर, आणि नंतर आखातातील एका अरबी स्टडवर मी काम केले. त्या अनुभवावर पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध ‘हो’ असे आहे. विसाव्या शतकातील अरबी घोड्यांवर ज्या नरांचा ठसा सर्वांत खोल उमटला, त्यांत स्कोव्रोनेकचे स्थान अगदी वरचे आहे, आणि त्याच्याविषयी लिहिताना मला आजही आनंद होतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तो मोठा कशामुळे ठरला हे नीट पाहावे लागेल, कारण ते कळले की नावाची किंमतही आपोआप कळते.

स्कोव्रोनेक १९०९ साली अंतोनिनी येथे काउंट योझेफ पोतोत्स्की यांच्या स्टडवर जन्मला. हा भाग व्होलिनियात येतो. तेव्हा तो रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. बापाचे नाव इब्राहिम. हा मूळचा अरबस्तानचा घोडा १९०७ मध्ये अंतोनिनीला आणला गेला होता. आईचे नाव यास्कुल्का. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ पाकोळी असा होतो, आणि ‘स्कोव्रोनेक’ म्हणजे चंडोल. पाकोळीच्या पोटी चंडोल जन्मला, असे ते नामकरण आहे. वंशावळीच्या कागदावर रोमन लिपीतील ते कठीण नाव वाचताना हा अर्थ ठाऊक असला की घोडा थोडा जवळचा वाटतो.

१९१३ साली वॉल्टर विनन्स या धनाढ्य नेमबाज आणि शिल्पकाराने तो विकत घेऊन इंग्लंडला नेला आणि त्याला समोर उभा करून ब्राँझचे शिल्प घडवले. त्यानंतर तो आणखी दोन मालकांकडे फिरला. त्यांतील दुसरे एच. व्ही. मसग्रेव्ह क्लार्क हे स्वतः जाणते अरबी पैदासकार होते. १९२० मध्ये एका मध्यस्थामार्फत घोडा क्रॅबेट स्टडच्या लेडी वेंटवर्थ यांच्याकडे गेला. घोडा अमेरिकेला चालला आहे अशा समजुतीने क्लार्क यांनी तो दिला होता आणि खरा खरेदीदार कोण हे त्यांना मागाहून कळले. या व्यवहाराची कटुता इंग्लंडच्या अरबी घोड्यांच्या वर्तुळात दीर्घकाळ टिकली.

इकडे अंतोनिनीचे काय झाले हे लक्षात घेतल्याशिवाय या खरेदीचे मोल कळणार नाही. रशियन क्रांती आणि त्यानंतरच्या धामधुमीत ते स्टड उद्ध्वस्त झाले, घोडे मारले गेले किंवा पांगले आणि १९१९ मध्ये पोतोत्स्कींचा वाडाही जळाला. १९१३ साली एका शिल्पकाराला एक देखणा नमुना हवा होता, एवढ्या कारणाने हा एक घोडा त्या आगीतून आधीच बाहेर पडलेला होता. पैदाशीच्या क्षेत्रात काम करताना मी अनेकदा पाहिले आहे की, एखादे रक्त टिकते ते योजनेने कमी आणि अशा योगायोगाने अधिक.

आता क्रॅबेटविषयी. ससेक्समधील हे स्टड विल्फ्रिड ब्लंट आणि लेडी अ‍ॅन ब्लंट या दांपत्याने १८७८ मध्ये स्थापन केले. लेडी अ‍ॅन या कवी बायरन यांच्या नात. या दांपत्याने वाळवंटातील टोळ्यांकडून आणि इजिप्तमधून निवडून घोडे आणले. त्यांतील मेसाऊद या इजिप्तमधून आणलेल्या घोड्याचे रक्त पुढे क्रॅबेटच्या बहुतेक घोड्यांत भिनले. लेडी अ‍ॅन १९१७ मध्ये वारल्या, घोड्यांच्या मालकीवरून बापलेकीत दावा चालला आणि १९२० मध्ये तो मुलीच्या, म्हणजे लेडी वेंटवर्थ यांच्या बाजूने लागला. त्यामुळे एकाच वर्षी त्यांच्या हाती दोन गोष्टी आल्या: आईवडिलांनी चाळीस वर्षे जोपासलेल्या घोड्या, आणि त्या घोड्यांशी जवळचे नाते नसलेला एक पांढराशुभ्र नर.

स्कोव्रोनेकच्या कीर्तीचे मर्म मला या जोडणीत दिसते. क्रॅबेटच्या घोड्या हाडापेराने मजबूत होत्या, चालीला मोकळ्या होत्या आणि तासन्‌तास खोगिराखाली राहण्याइतक्या काटक होत्या. स्कोव्रोनेकने त्यांना चेहरा दिला, असे माझे मत आहे. रुंद कपाळ, त्याखाली किंचित आत वळलेली नाकाची रेषा, चेहऱ्यावर बरेच खाली असलेले मोठे काळेभोर डोळे, आखूड आणि निमुळते तोंड, पातळ कडांच्या नाकपुड्या, आणि चालू लागताच कमानीसारखी उंचावणारी शेपटी, अशी ज्या अरबी घोड्याची प्रतिमा आज जगभर लोकांच्या मनात आहे, ती ठसठशीत करण्यात या एका नराच्या संततीचा वाटा फार मोठा आहे. नुसता सुंदर घोडा दुर्मीळ नसतो. दहा वेगवेगळ्या घोड्यांना लावला तरी आपला ठसा प्रत्येक शिंगरावर उमटवणारा घोडा मात्र दुर्मीळ असतो, आणि स्कोव्रोनेक तसा होता.

नराची पारख मी तीन टप्प्यांत करतो. त्याची स्वतःची शिंगरे कशी आहेत, हा पहिला टप्पा. त्याचे मुलगे पुढे पैदाशीला चालले का, हा दुसरा. आणि त्याच्या मुलींच्या पोटी काय जन्मले, हा तिसरा आणि सर्वांत खरा, कारण मुलींना वेगवेगळे नर लावले जातात आणि तरीही आजोबा दिसत राहिला तर ते रक्त पक्के समजावे. पहिल्या टप्प्यावर उत्तीर्ण होणारे नर पुष्कळ असतात, तिसऱ्या टप्प्यापर्यंत फार थोडे पोहोचतात. स्कोव्रोनेक तिन्ही टप्प्यांवर उतरला आणि तोही वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हवामानांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या पैदासकारांच्या हाताखाली.

त्याच्या मुलग्यांत नसीम पहिला. १९२२ चा जन्म, आई नसरा. आयुष्याचा बराच काळ तो क्रॅबेटलाच होता. त्याचा मुलगा राक्ता आणि राक्ताचा मुलगा इंडियन मॅजिक ही इंग्लंडमधील शाखा झाली, तर राक्ताचाच दुसरा मुलगा सेराफिक्स अमेरिकेत गेला आणि तिथे फार मोठा जनक ठरला. नसीमची मुलगी सिल्व्हर फायर हिचे घराणे क्रॅबेटच्या आघाडीच्या मादी घराण्यांत गणले जाते. पण १९३६ मध्ये सोव्हिएत सरकारने क्रॅबेटकडून सुमारे पंचवीस घोडे विकत घेतले, त्यांत नसीम होता. तो उत्तर कॉकेशसमधील तेर्स्क स्टडवर गेला आणि तिथे त्याला तारास्चा नावाची घोडी भेटली, जी १९३९ मध्ये पोलंडमधून सोव्हिएत सैन्याने नेलेल्या घोड्यांपैकी होती. त्या दोघांचा मुलगा नेगातिव, जन्म १९४५.

नेगातिवचा मुलगा नाबोर १९५० मध्ये तेर्स्कला जन्मला, तिथून पोलंडला आणि १९६३ मध्ये अमेरिकेला गेला. १९६९ च्या लिलावात त्याला १,५०,००० डॉलर किंमत आली, आणि तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. या वयात घोड्याच्या पाठीला किंवा पायांना किंमत नसते, त्याच्या बीजाला असते. खुद्द नेगातिवही पुढे पोलंडमध्ये पैदाशीला उभा राहिला आणि बांदोला या विख्यात घोडीपासून त्याला १९६४ मध्ये बांदोस झाला. बांदोसचा मुलगा एउकालिप्तुस हाही पोलंडच्या नामांकित नरांत गणला जातो. व्होलिनियातील पोलिश स्टड राखेत गेले, तिथला एक घोडा इंग्लंडला, त्याचा मुलगा कॉकेशसला आणि नातू पोलंडला, असा हा फेरा पन्नासेक वर्षांत पूर्ण झाला. वंशावळी वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाही या ओळीपाशी थांबावेसे वाटते.

दुसरा मुलगा रसेन, १९२३ चा. नाश्त्याच्या सीरियलसाठी जगभर ओळखले जाणारे डब्ल्यू. के. केलॉग यांनी १९२६ मध्ये त्याला कॅलिफोर्नियातील पोमोना येथील आपल्या स्टडवर नेले. रसेनचा मुलगा फरसेन, आणि फरसेन हा दोन्ही बाजूंनी आजोबा असलेला फरझॉन, ही अमेरिकेतील एक भक्कम शाखा. फरसेनच्या अमेरिगो या मुलाचा मुलगा खेमोसाबी. त्याच्या नावावर बाराशेहून अधिक शिंगरांची नोंद आहे.

तिसरा मुलगा रॅफल्स. यांच्यात शिकण्यासारखे सर्वांत अधिक आहे ते याच्याकडून, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. स्कोव्रोनेकला रिस्ला या घोडीपासून रिफाला ही मुलगी झाली, आणि लेडी वेंटवर्थ यांनी त्या मुलीला पुन्हा स्कोव्रोनेकच लावला. त्या संबंधातून १९२६ मध्ये रॅफल्स जन्मला. म्हणजे रॅफल्सच्या अंगात तीन चतुर्थांश रक्त एकट्या स्कोव्रोनेकचे, आणि त्याचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, २५ टक्के. इतक्या जवळच्या नात्यात पैदास केली की लपलेले दोष वर येतात, म्हणून आम्ही ती टाळायला सांगतो. रॅफल्सच्या बाबतीत काय झाले? तो अंगाने लहान राहिला, ५६ इंचांपेक्षाही कमी. १९३२ मध्ये तो अमेरिकेतील ओहायोत रॉजर सेल्बी यांच्याकडे गेला आणि तिथे सुरुवातीची काही वर्षे तो नापीक आहे अशीच समजूत होती. त्याचा नामवंत मुलगा इंद्राफ १९३८ चा आहे, यावरून किती उशीर झाला ते दिसेल. पण एकदा शिंगरे येऊ लागल्यावर त्याने स्कोव्रोनेकचा चेहरा इतक्या खात्रीने पुढे दिला की, त्याचे रक्त मिळावे म्हणून पैदासकार धडपडू लागले. जवळच्या नात्यातील पैदाशीने गुण घट्ट होतात ते असे, आणि त्याची किंमत जननक्षमतेत आणि उंचीत मोजावी लागू शकते तीही अशी. हा प्रयोग मोठा होता. तो कोणी घरच्या घोडीवर करून पाहू नये.

आखातातील स्टडवर माझ्या देखरेखीखाली एक बावीस वर्षांची घोडी होती, जिच्या आईकडील वंशावळीत रॅफल्स दोन वाटांनी येत होता. तिचा मोतद्दार तिला सायंकाळी बाहेर आणायचा आणि मी तपासणीच्या वेळी तिच्या जबड्याच्या दोन हाडांमध्ये मूठ घालून पाहायचो. माझी बंद मूठ तिथे आडवी मावत असे आणि तरी जागा उरत असे. श्वासनलिकेला मोकळी वाट देणारी ही रुंदी जुने अरब पारखी आवर्जून पाहत. त्या वयातही कपाळावर फुगवटा, डोळ्यांच्या खोबणीत खोल सावली, आणि कोणी परका दिसला की मान ताठ करून नाकपुड्या फुलवणे. पण शेपूट उचलून पाहिली की तिच्या मुळाशी, खालच्या काळ्या कातडीत, हरभऱ्याएवढ्या घट्ट गाठी बोटांना लागत. या मेलॅनोमाच्या, म्हणजे कातडीतील रंगपेशींच्या, गाठी म्हाताऱ्या ग्रे (वयाबरोबर पांढऱ्या होत जाणाऱ्या) घोड्यांत इतक्या सर्रास आढळतात की, न आढळल्या तरच आम्हाला नवल वाटते. ज्या जनुकाने तिला चांदीसारखे केले होते, त्यानेच त्या गाठीही दिल्या होत्या.

ग्रे रंगाची ही गोष्ट तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. ज्याला आपण पांढरा अरबी म्हणतो तो बहुधा पांढरा जन्मत नाही. शिंगरू कुमेत (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपूट), तांबूस किंवा काळसर जन्मते आणि वर्षागणिक पांढरे होत जाते. नव्या शिंगराला मी टॉर्चच्या उजेडात पापण्या पाहून ओळखतो, कारण डोळ्यांभोवती चष्म्यासारखे पांढरे केस असतील तर ते ग्रे होणार हे ठरलेले असते. आई किंवा बाप यांपैकी एक तरी ग्रे असल्याशिवाय ग्रे शिंगरू होत नाही. आता स्कोव्रोनेकचा वंश पाहा. नसीम ग्रे, राक्ता ग्रे, इंडियन मॅजिक ग्रे. पण त्याच राक्ताचा सेराफिक्स तांबूस. रसेन ग्रे, फरसेन ग्रे, अमेरिगो ग्रे. पण खेमोसाबी कुमेत. म्हणजे थेट बापाच्या ओळीत बसलेला मोठ्यातला मोठा वंशजसुद्धा पणजोबाच्या बापाचा सर्वांत ठळक गुण अंगावर बाळगेलच असे नाही. प्रत्येक पिढीत आईबापांचे अर्धे जनुक पुढे जातात आणि अर्धे मागे राहतात.

हिशेबाने सांगतो. दहाव्या पिढीत पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. त्यांतील बत्तीस जागांवर स्कोव्रोनेक असला, तर घोडीच्या रक्तातील त्याचा सरासरी वाटा ३.१२५ टक्के होतो, म्हणजे पाचव्या पिढीत एकदाच आलेल्या पूर्वजाएवढा. हा वाटा अगदी नगण्य नाही, पण त्यासाठी वेगळी किंमत मोजावी एवढाही नाही. शिवाय ऑस्ट्रेलियात क्रॅबेटचे रक्त फार आधीपासून आणि भरपूर गेलेले असल्यामुळे तिथल्या कितीतरी घोड्यांच्या वंशावळीत हे नाव असेच वारंवार भेटेल. मुलीला सांगा की नाव किती वेळा आले हे मोजू नये, ते कोणत्या वाटेने आले हे पाहावे. सिल्व्हर फायरच्या घराण्यातून, म्हणजे उत्तम मादींच्या साखळीतून आले असेल तर मी त्याला अधिक मान देईन, कारण त्या साखळीतील प्रत्येक घोडी कोणा जाणत्याने निवडून पैदाशीला ठेवलेली असते.

स्कोव्रोनेकच्या शुद्धतेवरचा वाद मुलीच्या कानावर येईल, म्हणून तेही सांगून ठेवतो. त्याच्या आईकडील घराणे पोलिश स्टडमधील जुन्या घोड्यांपर्यंत जाते आणि त्या घोड्या मूळ अरबस्तानातील होत्या का, यावर दीर्घकाळ मतभेद आहेत. प्रत्येक पूर्वज वाळवंटातील टोळ्यांपर्यंत सिद्ध व्हावा असा आग्रह धरणारे ‘अल खम्सा’ परंपरेचे पैदासकार त्याचे रक्त स्वीकारत नाहीत. त्यांच्या काटेकोरपणाबद्दल मला आदर आहे. आपल्याकडे भीमथडी घोड्यात अरबी आणि तुर्की रक्त मिसळले असे आपण अभिमानाने सांगतो, पण घोड्यागणिक कागद आपल्याजवळ नाही, तेव्हा नोंदीचे मोल आपण तरी कमी लेखू नये. मात्र इंग्लंडच्या जनरल स्टड बुकाने, म्हणजे घोड्यांच्या वंशनोंदवहीने, स्कोव्रोनेकला अरबी म्हणून स्वीकारले होते, आणि मान्यताप्राप्त स्टड बुकांत नोंदलेला घोडा अरबी, ही जागतिक अरबी घोडा संघटनेची व्याख्या १९७० च्या दशकापासून सर्वत्र चालते. त्यामुळे नोंदणीच्या दृष्टीने तुमच्या घोडीला कसलीही अडचण नाही.

पैदाशीआधी जे करायचे ते असे. घोडीची डीएनए चाचणी करून घ्यावी, विशेषतः ‘सिड’ या रोगप्रतिकारशक्तीच्या जन्मजात अभावासाठी आणि मेंदूच्या तोलकेंद्राच्या ऱ्हासासाठी. दोन्ही विकार अप्रभावी जनुकाचे आहेत. वाहक घोडी स्वतः ठणठणीत असते, पण वाहक नर लावला तर दर शिंगरामागे चारात एक शक्यता रोगी शिंगराची, आणि ‘सिड’चे शिंगरू सहसा सहा महिनेही काढत नाही. घोडी वाहक निघाली तरी तिला बाद करू नये, फक्त नर वाहक नसलेला निवडावा. त्यानंतर तिला कठीण, सपाट जमिनीवर चालवून आणि दुडकवून समोरून, मागून आणि बाजूने पाहावे. पुढचे पाय सरळ पडतात का, खुरांची जोडी सारखी आहे का, पाठ फार लांब तर नाही, हे तिथे कळते. नर निवडताना त्याचा फोटो शेवटी पाहावा. आधी त्याच्या चार-पाच मुली प्रत्यक्ष पाहून याव्यात, शक्यतो वेगवेगळ्या घोड्यांपासून झालेल्या. घोडी ग्रे असेल तर शिंगरू जन्मल्यावर पहिल्याच रात्री मुलीने टॉर्च घेऊन पापण्या पाहाव्यात, आणि काय दिसले ते मला जरूर कळवावे.